परश्याचं गवत

२६ जून १९४५, बेळगाव
माळाची वाटणी झाली. येळ्ळूरच्या वाटेवरचा उतार, वनस्पतिशास्त्राच्या सरांनी मालकाकडून पावसाळ्यापुरता मागून घेतलेला. वरचा तुकडा परश्याला, खालचा मला. काम दोघांना एकच: गुरांची चराई बंद करायची आणि कोणतं गवत परत येतं, माती किती टिकते ते बघायचं. ज्याचं काम चांगलं त्याचं नाव दिवाळीआधी पुण्याला जाणार, शेतकी कॉलेजात. पुढचा अभ्यास सरकारी खर्चानं. जागा एक.

परश्या वडगावच्या विणकराचा. मी निपाणीकडचा, सगळं बालपण बांधावर गेलेलं. गवतांत मारवेल कुठली आणि कुसळी कुठली हे गेल्या वर्षी त्याला मीच दाखवलं. तेव्हा म्हणाला होता, "दत्ता, तुज्यामुळं पास झालो रं." होऊ दे पास. पुण्याला मी.

९ जुलै
तार मिळत नाही, सगळी लढाईत गेली. बाभळीच्या फांद्या रचून कुंपण. हात सोलून निघाले. परश्याच्या मदतीला त्याच्या गल्लीतली पोरं, गाणी म्हणत. माझ्या मदतीला मी. मी जिच्याकडे राहतो ती आत्या म्हणते, तूही बोलव की कुणाला. कुणाला? मला माणसं जमत नाहीत. त्याला चहा न पाजताही जमतात.
जाताना त्या पोरांनी माझंही कुंपण पुरं केलं. आभार मानले. मनातून नाही.

२ ऑगस्ट
प.नं चार काठ्यांची चौकट करून आणली. आत उभं-आडवं सूत ताणून घरं पाडलेली. गवतावर ठेवायची आणि घराघरात काय उगवलंय ते मोजायचं. सर हरखले. "विलायती पुस्तकात लोखंडाची असते. ह्यानं मागावरच्या सुताची केली!" वर्गभर फिरवली. माझ्या हातात आली तेव्हा एखादं सूत सैल निघावं असं फार वाटलं. नव्हतं.
मी नुसत्या नजरेनं सांगतो कुरणात काय आहे. पण नजर वर्गात फिरवता येत नाही ना.

१६ ऑगस्ट
लढाई संपली म्हणून सुट्टी. प.कडे सरांना जेवण. मलाही ओढून नेलं. पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी आणि भाकरी. त्याची आई: "खा रं लेकरा, लाजू नगंस." भाजी इतकी चांगली की रागच आला. सर मागाजवळ बसून त्याच्या आप्पांशी कितीतरी वेळ बोलत होते. माझ्या वडिलांशी काय बोलले असते? तंबाखूचा भाव, आणि उठले असते.

११ सप्टेंबर
सर माळावर आले. माझ्याकडे पवन्या, गुरांचं आवडतं गवत, अशी दाटलीय की पाय दिसत नाही. वर प.कडे विरळ. आज माझा दिवस, म्हटलं. सर वाकून बघून खूश झाले. मग, "दत्तोपंत, लिहून काय आणलंत?"
मी लिहिलं होतं: गवत भरपूर.
सर हसले. परश्या हसला नाही, तेच जास्त लागलं. नंतर हळूच म्हणाला, "माझी चौकट घे की रं. मी सकाळी मोजतो, तू सांजच्याला मोज."
नको म्हणालो. मेलो तरी नको.

३ ऑक्टोबर
घडलं तसं लिहितो.
सकाळी माळावर गेलो. परश्याच्या कुंपणाला खिंडार आणि आत म्हशी. राखणारं कुणी नाही. माझ्या हातात काठी होती. नुसता ओरडलो असतो तरी निघाल्या असत्या. उभा राहिलो. म्हशींनी आधी पवन्या खाल्ली, मग मारवेल. टोचऱ्या कुसळीला तोंड लावलं नाही. दुसऱ्याच्या तुकड्यात म्हशी चरताना बघणं इतकं गोड लागतं हे मला माहीत नव्हतं.
मग परत फिरलो. जेवण व्यवस्थित गेलं.

५ ऑक्टोबर
रडेल वाटलं होतं. निदान म्हशीवाल्याला शिव्या. तो वर्गात येऊन म्हणतो, "सर, म्हशींनी माझी परीक्षा घेतली. कुसळी तेवढी नापास केली." सगळे हसले. मी सर्वात मोठ्यानं.
सर मला म्हणाले, आता तुमचंच कुरण शाबूत. हेच ऐकायचं होतं. ऐकलं.

१७ ऑक्टोबर
सरांनी खोलीवर बोलावलं. पुण्याला माझं नाव.
पाया पडलो. उठतोय तोवर म्हणाले, "परशुरामाचे आभार माना. खरं तर मी त्यालाच पाठवणार होतो. त्यानं सप्टेंबरातच नाही म्हणून सांगितलं, आणि तुमचं नाव सुचवलं."
त्याचा थोरला भाऊ घर सोडून इचलकरंजीला पॉवरलूमवर गेला. आप्पा एकटे पडले, लगीनसराईच्या साड्यांचं काम अंगावर. परीक्षा झाली की परश्या मागावर बसणार.
सप्टेंबरात. म्हणजे म्हशींच्या आधी. म्हणजे म्हशी फुकटच चरल्या.
आणि मी जिंकलो कुठे? त्यानं ताटातलं काढून दिलं.

२० ऑक्टोबर
खडेबाजारात गाठ पडली. रंगाच्या पुड्या घ्यायला आलता. पेढे मागितले, घ्यावे लागले. खाता खाता, अगदी सहज:
"त्या दिशी तू माळावरनं खाली येत होतास. मी हाक मारली, थांबला न्हाईस."
मी पेढ्यांचा पुडा त्याच्यापुढे सरकवला.
"म्हशी हाकलाय गेलतास न्हवं? न्हाय जमलं आसंल एकट्याला."
विचारत होता की मला वाट काढून देत होता, देव जाणे. मी म्हणालो, "व्हय."
"मग झालं की," म्हणाला, आणि हसला. लई चांगलं हसतो. मला त्याच्या चौकटीचा, आईच्या भाजीचा, सरांचा, सगळ्याचा हेवा वाटून झालाय. आज त्या हसण्याचा वाटला.

२२ ऑक्टोबर
वडिलांचा निरोप आला, जा म्हणून. आत्या गल्लीभर सांगत सुटलीय.
स्वतःला समजावतोय: खरं सांगून कुणाचं भलं? परश्या तसाही जाणार नाही. जागा वाया जाईल, माळांचं नुकसान. मुद्दा बिनतोड आहे. माझ्या सोयीचाही आहे.
उद्या सरांनी दोघांना बोलावलंय. नाव धाडण्याआधी कुरणाविषयी सगळं तोंडी विचारणार, म्हशींचंसुद्धा. परश्या शेजारी असेल. मी खोटं बोललो तर तो हो म्हणून मान डोलावेल. खरं बोललो तर सरांपुढे तोच माझी बाजू घेईल. दोन्हीकडून चांगला तोच ठरणार, आणि अजूनही मला त्याचाच राग येतोय.
सदरा धुऊन वाळत घातलाय. काय बोलायचं ते ठरत नाही.