चांगुणेची हाक

बोरी,
आषाढ सरत आला

प्रिय शिवू,

पाकिटावर महेश्वरीनं तुझं मठातलं पूर्ण नाव लिहिलंय, मागंपुढं सगळ्या पदव्यांसकट. ते बरोबरच आहे. पण आतल्या कागदावर मला ते जमेना. 'महाराजांच्या चरणी' असं लिहिलं की पुढं सुचतच नाही, माणूस तहसीलदाराला अर्ज केल्यागत लिहायला लागतो. दोन कागद फाडले. फोन करावा तर तो कायम तुझ्या भोवतीच्या मंडळींच्या हातात, आणि टपालही आधी तेच फोडतात. हे पाकीट मात्र महेश्वरी स्वतः तुझ्या हातात देणार आहे. म्हणून म्हणलं, एकदा प्रिय शिवू लिहून बघावं. समोर आल्यावर मी तुला 'आपण'च म्हणीन, पायावर डोकंही ठेवीन, त्यात कसूर व्हायची नाही. कागदावर तेवढं आईला तू म्हणू दे.

इकडं सगळं ठीक आहे. तुझे वडील खुशाल आहेत. गुडघे कुरकुरतात, पण तोंड काही थांबत नाही. सोयाबीन चांगलं वर आलंय. म्हैस व्याली, पण पहिले चार दिवस कुणाला जवळ येऊ देईना, माझ्यावरच शिंगं उगारली. शेजारच्या धुरपताबाईंना आता कमी ऐकू येतं, त्यामुळं त्याच मोठ्यानं बोलतात आणि त्यांच्या घरातली सगळी बातमी गल्लीला कळते. तुझा चिंचेखालचा सोबती परमेश्वर दोन लेकरांचा बाप झालाय, पोट सुटलंय. मला बघितलं की हात जोडून विचारतो, महाराज काय म्हणतात काकू. याच पोरानं तुझ्या डोक्यात गोटी मारून खोक पाडली होती. आता तुझा फोटो दुकानात लावलाय आणि रोज उदबत्ती ओवाळतो.

महेश्वरीचं तुझ्या कानावर आलंच असेल. तुझ्या काकाची पोर, तुझ्या मागं शेंबूड पुसत फिरायची ती. पुण्यात कार्टूनच्या कंपनीत आहे. कार्टून म्हणलं की चिडते, मोठीआई ॲनिमेशन म्हण, म्हणते. मला म्हणता येतं, पण तिला चिडवायला बरं वाटतं म्हणून मी कार्टूनच म्हणते. तर तिला पहिल्यांदाच आख्खा पिच्चर करायला मिळाला, घरातल्या लहानथोरांनी मिळून बघायचा. आणि पोरीनं गोष्ट कोणती धरली, तर चांगुणेची. श्रियाळ राजा, चांगुणा राणी, त्यांचा एकुलता एक चिलया. दारी पाहुणा येतो आणि म्हणतो, तुमचं लेकरूच शिजवून वाढा. आई शाळेतून लेकराला बोलावून घेते आणि त्याचं शिर उखळात घालून कांडते. कांडताना गाणं म्हणायचं आणि डोळ्यातून टिपूस पडू द्यायचं नाही, असा पाहुण्याचा हुकूम. पाहुणा म्हणजे साक्षात शंकर. तुला काय सांगायचं, तू यावर प्रवचनं करतोस. पण पाच वर्षांच्या लेकराला पिच्चरमध्ये हे दाखवायचं कसं, तूच सांग.

कंपनीतली माणसं घाबरूनच गेली. एकजण म्हणला, पाहुण्यानं लेकराऐवजी आंबे मागावेत. दुसरा म्हणला, हे सगळं राणीला पडलेलं स्वप्न दाखवा. महेश्वरी बेजार होऊन बोरीला आली आणि गल्लीतल्या बाया गोळा करून त्यांनाच विचारलं. धुरपताबाई म्हणल्या, "उखळ काढलं तर राहिलं काय माय? पाहुणा आला, जेवला, गेला. ते तर आमच्या घरी रोजचंच हाय." सगळ्या हसल्या. मी एकटीनं म्हणलं, काढून टाक उखळ. आंबेच बरे.

महेश्वरी माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. पोथीच्या घरातली बाई असं म्हणती कशी, हे तिच्या चेहऱ्यावर. तिला काय माहीत. श्रावणात तुझे वडील पोथी वाचतात, गल्ली ऐकायला बसते, आणि तो अध्याय आला की नेमकं त्या ओवीच्या आधी मला गॅसवरचं दूध आठवतं. दरवर्षी. मी उठून आत जाते. बायांना वाटतं, काय बाई हिला नैवेद्याची काळजी. ते दूध आजवर कधी उतू गेलं नाही, कारण गॅसवर दूध नसतंच. आणि तुझे वडील, ज्यांना तू लय कडक समजत होतास, ते मी उठले की चष्मा पुसायला लागतात. माझा पदर दारातून आत जाईपर्यंत पुसतात, मगच पुढची ओवी. या गोष्टीवर आमी दोघं आजपर्यंत एक शब्द बोललेलो नाही.

त्यांचाही एक तमाशा सांगते, तुला हसू येईल. महेश्वरीनं लॅपटॉपवर चित्रं दाखवली. चिलया गोड काढलाय, पुढचा एक दात पडलेला. मग पाहुणा आला आणि तुझे वडील ताडकन उठले. शंकराच्या कपाळावर वैष्णवांचं उभं गंध! पुण्यातल्या कुठल्या पोरानं काढलेलं, त्याला आडवं काय आणि उभं काय. तुझे वडील म्हणले, "हा पाहुणा घर चुकलाय. याला दुसरीकडं जेवायला पाठव." दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिनं आपल्याच ओसरीवर बसून आडवी विभूती काढली, राजाराणीच्या गळ्यात लिंग घातलं, तेव्हा कुठं त्यांनी स्वतःहून तिला चहा विचारला. आता सेलूपर्यंत सांगत फिरतात की पिच्चरचे सल्लागार आपण आहोत.

उखळाची तोड मात्र महेश्वरीनंच काढली. माझे आंबे काही तिनं घेतले नाहीत. तिनं उखळ ठेवलं, पण दाखवलं नाही. चित्र घराच्या बाहेरच थांबतं. दार लोटलेलं, आतून मुसळाचा आवाज आणि बारीक आवाजात गाणं, आणि अंगणात चिमण्या दाणे टिपायलेत. बस्, एवढंच. मोठ्यांना काय कळायचं ते कळतं, लेकरं चिमण्या बघतात. मला दाखवलं तेव्हा मी पहिल्यांदा जागेवरून उठले नाही. पदर तोंडात धरून बसले, पण बसले.

मग राहिली शेवटची हाक. पाहुणा ताटावर बसतो आणि म्हणतो, ज्या घरात लेकरू नाही त्या घरी मी जेवत नाही, जा, तुझ्या पोराला हाक मार. चांगुणा म्हणते, आता कुठून आणू? तो म्हणतो, तू मार तर खरी. ती दारात जाऊन हाक मारते आणि चिलया पाटी घेऊन पळत येतो. सगळा पिच्चर या हाकेवर उभा आहे, असं महेश्वरीचं म्हणणं. मुंबईच्या एका बाईकडून ती हाक म्हणवून घेतली होती. लय गोड, पण बिस्किट खायला बोलावल्यासारखी. महेश्वरीच्या मनाला ती भिडेना. तिला दिवेलागणीची बोरीची हाक पाहिजे होती. म्हणली, मोठीआई, तुझी हाक.

तुला आठवती का रे? तेव्हा घराघराची हाक वेगळी होती. धुरपताबाई शिवीपासूनच सुरुवात करायच्या. माझी लांबलचक. 'शिवूऽऽऽ' मधला ऊ चिंचेपर्यंत जाऊन यायचा आणि मग 'ये रेऽऽ'. तिकडून तू ओरडायचास, "आलो गं, किती वरडतीस!" आणि येत तर नव्हतासच. मी भाकरी तव्यावर टाकायची, उलटायची, परत दारात येऊन हाक मारायची, मग साहेब गुडघे फोडून हजर.

मी महेश्वरीला नाही म्हणलं. आवाज बसलाय म्हणलं. खरं कारण तुला सांगते. तू गेल्यापासून मी कुणालाच तशी हाक मारलेली नाही. आपण जंगम, मठाला लेकरू देणं हे आपल्यात घराण्याचं भाग्य. जुने महाराज पाद्यपूजेला आपल्या घरी आले, जेवायला बसले, तू त्यांच्यापुढं एक अक्षर न चुकता सगळे मंत्र म्हणून दाखवलेस, आणि ते म्हणले, हे लेकरू मठाला द्या. तुझ्या वडलांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात वाढायचं भांडं होतं. मी मान हलवली. कुणी जबरदस्ती केली नाही आणि मला त्याचा पस्तावाही नाही. शेकडो लेकरं तुझ्या वसतिगृहात शिकतात, तुझ्या एका शब्दावर माणसं दारू सोडतात, मला काय कळत नाही होय? अभिमान वाटतो. पण शिवू, अभिमान काही ताटावर येऊन बसत नाही रे. तू निघालास तेव्हा दारात वाजंत्री होती. बाया म्हणत होत्या, शुभकार्याला डोळ्यात पाणी आणू नये, आणि मी आणलं नाही. तेव्हाच मला पोथीतली ती बाई आठवली होती. तिला निदान पाहुण्यानं शेवटी म्हणलं, जा, हाक मार. मला कुणी म्हणलंच नाही. पुढं मठाच्या गादीवर तुझा पट्टाभिषेक झाला, नाव बदललं, जुनं नाव घ्यायचं नाही असा नेम झाला. मग हाक तरी कुणाला मारायची आणि कुठल्या नावानं?

पण महेश्वरी तुझीच बहीण, तुझ्याइतकीच हट्टी. शेवटी कबूल झाले. मधल्या खोलीत गाद्या आणि गोधड्या उभ्या करून तिनं माइक लावला. पंखा बंद, शेजारची गिरणी बंद, धुरपताबाईंना खास विनंती करून त्यांचं बोलणं बंद. मी म्हणलं, चिलया बाळा ये रे. महेश्वरी म्हणली, मोठीआई, तू पोथी वाचायलीस. परत म्हणलं, परत तेच. घामाघूम झाले. तुझे वडील बाहेर ओसरीवर पेपर वाचत होते. पेपर तोंडापुढून न काढताच ते म्हणले, "दारात जाऊन मार. आणि त्याच्या नावानं मार."

मी वळून बघितलं. पेपर मांडीवर आला होता आणि ते चष्मा पुसायला लागले होते. इतक्या वर्षांत या घरात ते पहिल्यांदा तुझ्याबद्दल 'त्याच्या' म्हणले, 'महाराजांच्या' म्हणले नाहीत.

उंबऱ्यात गेले. महेश्वरी माइक घेऊन माझ्या मागं. आणि मारली हाक, तुझ्या नावानं, पहिल्यासारखी. मधे आवाज फाटला, पण ऊ चिंचेपर्यंत गेला बघ. चिंच आता नाही, रस्ता रुंद झाला तेव्हा तोडली, तरी तिथवर गेला. समोरच्या घरातून परमेश्वर जेवता जेवता उठून तसाच खरकट्या हातानं बाहेर आला आणि रस्त्याकडं बघत उभा राहिला, तू कुठून येतोस ते. मग त्याच्या लक्षात आलं तसा मान खाली घालून आत गेला. मी तिथंच उंबऱ्यावर बसून पोटभर रडले. त्या दिवशी मला कुणी शुभकार्याचं सांगायला आलं नाही.

पिच्चरमधल्या लेकराचं नाव शिवू नाही, म्हणून महेश्वरीनं मशीनवर नाव कापलं. नाव कापलं, हाक ठेवली. 'ये रेऽऽ' तेवढीच आहे, फाटलेल्या आवाजासकट. कुणी विचारलं तर ती सांगते, गावाकडच्या एका बाईचा आवाज आहे.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते ऐक. श्रावणातल्या श्रियाळ षष्ठीला सेलूत पिच्चरचा पहिला खेळ आहे, आणि दिवा लावायला तू येणार आहेस, तुझा होकार आलाय. तुझं आसन सगळ्यात पुढं असणार. मी मागं बायकांत बसलेली असेन. आधी सगळ्यांबरोबर रांगेत येऊन पाया पडेन, तू सगळ्यांसारखा माझ्या डोक्यावर हात ठेवशील, आणि आपण दोघंही काही बोलणार नाही. ते तसंच बरोबर आहे. पण मग अंधार होईल, चिमण्या येऊन जातील, आणि ती बाई दारात येऊन हाक मारील. सगळी माणसं तेव्हा चिलयाकडं बघत असतील. ती हाक चिलयाची नाही शिवू, तुझी आहे. तू उठू नकोस, मागं वळून बघू नकोस, माणसं तुझ्याकडं बघून चालतात. फक्त त्या हाकेला तू चिंचेखालून काय म्हणायचास, तेवढं मनातल्या मनात म्हण. मोठ्यानं नको. मला कळेल.

कागदापुरती का होईना, तुझीच
आई