हिरव्या पेटीतलं लिंबू

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? माझी तब्येत तशी ठीक, फक्त धक्का बसलाय.

मी स्वतःच्या हातांनी काय काय बनवलंय ते तुला ठाऊकच आहे: दोन स्टुलं, पलंग (अजून करकरत नाही), भिंतीवरचं घड्याळ, आणि चष्मा (फक्त काड्या). यातलं एकही मी कोणाला विचारून केलेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे तुझ्या लिंबाच्या रोपाचा विषय आहे.

मुलाकडे जाताना "माझा जीव आहे हो यात" म्हणून तू कुंडी माझ्या हवाली केलीस. आमच्या खोल्या अंधाऱ्या, म्हणून मी प्रकाशपेटी बनवली. सांधे असे, की नख शिरणार नाही. आता रोपाला उजेड कुठला आवडणार? पान हिरवं, म्हणजे हिरवाच. आत हिरवा रंग दिला, हिरवा बल्ब लावला. (तुझी भावजय कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, पण सुतारकामात तिला काय विचारायचं?) रोज दार उघडून बघायचो. रोप हिरवंगार! माझी छाती फुगायची.

परवा बल्ब उडाला. कुंडी खिडकीपाशी आणली आणि बघतो तर काय, ताई! पानं पिवळीधमक! चार तर हातातच आली. मी ओरडलो, "अगं, बल्ब जाताच रोप पिवळं पडलं!"

"अहो," तुझी भावजय म्हणाली, "हिरव्या उजेडात पिवळंसुद्धा हिरवंच दिसणार. आणि पान हिरवं दिसतं ते हिरवा उजेड परत फेकतं म्हणून. थोडाफार घेतं, पण त्याची खरी भूक तांबड्या-निळ्याची. जे ते ताटाबाहेर टाकतं, तेच तुम्ही रोज वाढत होतात."

मी मटकन स्टुलावर बसलो (स्टूल हललं नाही). "मग हे पिवळं आलं कुठून?"

"पानातच होतं. हिरवं गेलं, ते उघडं पडलं."

म्हणजे जन्मभर झाडं मला त्यांचा नावडता रंग दाखवत आली आणि मी कौतुक करत बसलो! आधी का नाही बोललीस म्हटलं, तर म्हणे, "पेटीला कुलूप कोणी लावलं होतं?" (मीच. कुलूपही मीच बनवलंय.)

कुंडी आता गच्चीत आहे. शेंड्याला एक कोंब फुटलाय, अगदी बारीक. मी तो उन्हातच बघतो.

तुझा,
धाकटा

ता. क. येत्या रविवारी परत येतेयस असं कळलं. तिकडची हवा गुडघ्याला चांगली म्हणतात. अजून महिनाभर राहा ना!

आणखी एक ता. क. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने पेटीत नवा हिरवा बल्ब लावून शिळी पालेभाजी ठेवून पाहिली आणि त्याचे डोळेच चमकले. मी साफ नकार दिला. मी फसलो तेवढं पुरे. कुलपासकट नऊ हजार देत होता.