नात्याचा रकाना

बाबा,

वर 'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण हात चालेना.

माझं दुसरं लग्न आश्रमात करायचं, हे तुम्हीच ठरवलंत. त्यांचं माहितीपत्रक फोनवर वाचून दाखवलंत: माणसं वीसच, वाजंत्री नाही, चाळीस मिनिटांत विधी, मग नवराबायकोनं स्वतः सगळ्यांना वाढायचं. "आणि फोटोही काढू देत नाहीत," हे सांगताना तुमचा आवाज केवढा खुलला होता! धाकटीच्या लग्नात नऊशे माणसांपुढे हात जोडून दारात उभे होतात. तेव्हा कुठे गेला होता हा साधेपणा?

तरी मी आश्रमाला होकार दिला. गाडी मागच्या गल्लीत लावलीत, तेही पोटात घातलं. कन्यादानाच्या वेळी तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि मी विरघळलेच. आम्ही वाढायला घेतलं, तर तुम्ही आश्रमाच्या कार्यालयात सही करून न जेवता निघून गेलात. मला वाटलं, भरून आलं असेल.

आज आश्रमातून लग्नाचा दाखला आला. साक्षीदारांत तुमची झोकदार सही आहे. शेजारी वधूशी नातं लिहायचा रकाना. त्यात तुमच्याच अक्षरात लिहिलंय, 'परिचित'.

"चुकून लिहिलं असेल गं," हे म्हणाले. आयुष्यभर कचेरीत लोकांचे अर्ज तपासलेत तुम्ही. एका रकान्यासाठी माणसं परत पाठवलीत. तरी मी "हो" म्हटलं. तुमच्यासाठी बोललेलं हे माझं शेवटचं खोटं.

पत्र टाकणार नाही. दाखल्याच्या पाकिटातच ठेवतेय.

आपली,
परिचित