स्टिअरिंग जड हाय

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

मीना नापास.

आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढायचा होता. पहिलं वळण बरं घेतलं. दुसऱ्या वळणात स्टिअरिंग अर्ध्यातच राहिलं, गाडी सरळ गेली आणि कडेच्या पिंपाला टेकली. पिंप पडलं नाही, पण आवाज मैदानभर! इन्स्पेक्टर माणूस चांगला. म्हणाला, "मावशी, सात दिवसांनी परत या."

ती उतरली आणि मला म्हणाली, "स्टिअरिंग जड हाय."

मी म्हणालो, "स्टिअरिंग जड नाही, तुझ्या हातात दम नाही."

रांगेतल्या पोरांसमोर म्हणालो. पोरं हसली. येताना गाडी मीच आणली. ती पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत बसली.

एकतीस वर्षं एसटी चालवली मी. जुन्या बसचं स्टिअरिंग घाटात वळवायचं तर सीटवरून उठून छाती लावावी लागायची. त्यापुढं ही गाडी म्हणजे लोणी. एकोणीस वर्षांची विलायती जीप — कातडी सीट, लाकडी डॅशबोर्ड, पॉवर स्टिअरिंग. निवृत्तीनंतर चार वर्षं डॉक्टरसाहेबांकडं हीच चालवत होतो. ते मुलीकडं परदेशी राहायला गेले तेव्हा गाडी तुझीच म्हणून किल्ली माझ्या हातात ठेवली. आणि आता छप्पन्नाव्या वर्षी बायकोला ती चालवायला शिकायची हौस.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुढच्या चाकांची हवा बघितली. बत्तीस पाहिजे, वीसच होती. म्हटलं, हेच असणार. भरून आणली आणि मीनाला समाजमंदिरामागच्या मोकळ्या जागेत नेलं. तिनं दोन चकरा घातल्या.

"थोडं हलकं झालं. पण अडतंय."

"जड हाय की अडतंय? एक काय ते सांग."

"दोन्ही."

मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

मीना माझ्याशी बोलत नाही. आमटीत मीठ मात्र बरोबर होतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी चहा पुढ्यात ठेवून म्हणाली, "माझ्या हातात दम न्हाई, न्हवं का? कारखान्यात तीस वर्षं टॉवेलचे गठ्ठे कुणी उचलले?"

चहा अर्धा ठेवून तिला घेऊन अक्कलकोट रोडला सोमलिंगच्या गॅरेजवर गेलो. सोमलिंग डेपोत माझ्या गाडीला मेकॅनिक होता, नोकरी सोडून स्वतःचं गॅरेज टाकलं. बोलताना निम्मं कन्नड. मला वाटलं, तो मीनाला समजावेल की गाडीत काही नाही.

त्यानं आधी पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बघितलं. काळं पडलं होतं, पण पातळी बरोबर. काढून नवं भरलं. पंपाचा पट्टा दाबून बघितला — ताठ. पंपाला मीटर लावून दाब मोजला — चांगला. मग जॅक लावून पुढची दोन्ही चाकं उचलली आणि इंजिन चालू करून मीनाला वर बसवलं.

"आता चाकं हवेत हायत. आता तर एका बोटानं फिरलं पाहिजे, अक्का."

मीनानं फिरवलं. "हितं अडतंय."

मग मी बसलो. फिरवलं. काही अडलं नाही. सोमलिंग माझ्या खांद्यांकडं बघत म्हणाला, "तुमाला कसं कळंल? तुमी भिंत पण फिरवाल."

हसलो खरा. पण ते मनात राहिलं. येताना आणखी एका मोठ्या गॅरेजात विचारलं. तिथल्या पोरानं गाडीला हातसुद्धा न लावता सांगितलं, पंप गेला, नवा टाका. इतका महागडा पंप टाकायचा तर गाडीच विकलेली बरी. तसं मी मीनाला म्हणालोही.

"दाब चांगला हाय म्हणून सोमलिंग म्हणाला की," ती म्हणाली. "मग पंप कसा जाईल?"

तिनं सगळं ऐकलं होतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी डोळा लागला होता. उठलो तर संध्याकाळ झालेली, मीना घरात नाही. बाहेर गाडीत एकटीच बसलेली, इंजिन चालू, डोळे मिटलेले, स्टिअरिंग हळूहळू फिरवतेय.

स्टिअरिंगला दोन ठिकाणी लाल दोरा बांधला होता. तिच्या शिलाईच्या डब्यातला.

"हे काय?"

"जिथं अडतंय तिथं बांधलं. परत परत फिरवून बघितलं. तिथंच अडतंय, दुसरीकडं न्हाई. मशीनच्या चाकात धागा गुंतला की असंच लागतं हाताला."

दोन्ही दोरे बरोबर समोरासमोर. घड्याळात बारा आणि सहा असतात तसे.

मी बसलो. या वेळी मीही डोळे मिटले आणि दोनच बोटांनी फिरवलं. पहिल्या दोऱ्याशी काहीतरी लागलं. अगदी थोडं. पुढं सुटलं. दुसऱ्या दोऱ्याशी परत लागलं.

मी उतरलो. मीनानं विचारलं, "कळलं?"

मी म्हणालो, "चप्पल घाल. सोमलिंगकडं जाऊ."

८ नोव्हेंबर, शनिवार

काल गेलो तोवर गॅरेज बंद झालं होतं, म्हणून आज सकाळी.

सोमलिंगनं दोरे बघितले आणि हातातला पाना खाली ठेवला. "एका फेऱ्यात दोनदा? समोरासमोर? अय्यो, मग क्रॉस हाय."

स्टिअरिंगपासून चाकांकडं जाणारे दोन दांडे जिथं जोडतात तिथला हा वळता सांधा. बसखाली असतो तसाच, फक्त मुठीएवढा. जाम झाला की फेऱ्यात दोनदा अडतो. एकतीस वर्षं बसखाली बघत आलोय मी!

सोमलिंगनं खालचा बोल्ट काढून दांडा चाकांपासून सोडवला. आता स्टिअरिंग मोकळं फिरायला हवं होतं. दोऱ्यांपाशी तरीही अडलं. म्हणजे पंप ठीक, चाकं ठीक, दोष वरच. सांधा काढून माझ्या हातात दिला. एका बाजूला वाकत होता, दुसऱ्या बाजूला दोन्ही हातांनीही हलेना. शेजारून सायलेन्सरचा पाइप जातो. त्या धगीनं ग्रीस वाळून गंज चढलेला.

मला डॉक्टरसाहेब आठवले. कधी स्वतः चालवायला बसले की विचारायचे, "नागनाथ, स्टिअरिंग जड झालंय का रे?" मी दर वेळी म्हणायचो, "नाही साहेब, मस्त आहे." बिचारे मान हलवायचे. त्यांना वाटलं असेल, आपलंच वय झालं.

पुण्याच्या एका जुन्या गाडीतला असाच दांडा, सांध्यासकट, सोमलिंगच्या ओळखीनं मिळतोय. परवा येईल.

१० नोव्हेंबर, सोमवार

दांडा सकाळी एसटीच्या पार्सलनं आला. दुपारपर्यंत बसवला. मी चालवून बघितली. वळणावर सवयीनं जोर लावला आणि गाडी एकदम गल्लीच्या तोंडाशी! सोमलिंग ओरडला. वळण घेऊन हात सोडला तर स्टिअरिंग आपोआप सरळ झालं. एवढी वर्षं ते मीच ओढून सरळ करत होतो.

घरी येताना मीनाला म्हणालो, "स्टिअरिंग जड होतं."

"व्हय."

थोड्या वेळानं म्हणालो, "त्या पोरांसमोर मी तसं बोलायला नको होतं."

सिग्नलला तिनं माझ्या खिशातली तंबाखूची पुडी काढून नेहमीसारखी बाहेर फेकली. म्हणजे माफ केलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पास! आठचा आकडा एका दमात. इन्स्पेक्टरनं विचारलं, "मावशी, सात दिवसांत काय खाल्लं?" मीनानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "काय न्हाई. यांनी गाडी दुरुस्त केली."

मी! रांगेतल्या पोरांना खरं सांगावंसं वाटलं. सांगितलंही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मीना उद्या करकंबला थोरल्या बहिणीकडं जाणार. एकटी, गाडी घेऊन. मी बरोबर येतो म्हणालो. "नको. तुमी शेजारी असला की माझा पाय ब्रेकवरनं हलत न्हाई."

१६ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी तिचा फोन. "पोचले नीट. आज मुक्काम हितंच, उद्या येते. भाकरी टोपल्यात हायत." आणि ठेवला.

एकतीस वर्षांत किती रात्री मी मुक्कामी गाडी घेऊन गेलो, कुठल्या कुठल्या गावात झोपलो. येतो कधी, हे तिला एकदाही कळवलं नाही.

साडेसात झालेत. कडी लावायला तीनदा उठलो. लावली नाही.