हात थरथरतो तो थंडीने

४ नोव्हेंबर
उजवा हात थरथरतो, तो थंडीने. डॉक्टर म्हणतो पार्किन्सन्स. डॉक्टर फार तरुण आहे. अशांना मोठी नावं घ्यायची हौस असते.
बायको, हंसा, म्हणाली, नोव्हेंबरात वसईत कसली थंडी, पंखा फुल चालू आहे. मी पंखा बंद केला. हात थरथरतच राहिला. पंख्याचा गारवा खोलीत बराच वेळ राहतो, हे तिला माहीत नाही.

६ नोव्हेंबर
डॉक्टरने दिवसातून तीनदा गोळी सांगितली आहे, आणि बॉक्सिंग. हो, बॉक्सिंग. म्हणे ह्या आजारात त्याने तोल सुधारतो. आमच्या एव्हरशाईन कॉलनीतच, बिल्डिंगच्या मागच्या गाळ्यात केनी सरांचा क्लास आहे. फिटनेससाठी लोक येतात, आणि अपंगांसाठी वेगळी बॅच आहे. हंसाने परस्पर माझं नाव दुसऱ्या बॅचमध्ये घातलं. मी फिटनेससाठी जाणार आहे, हे तिला स्पष्ट सांगितलं. बॅच कुठली का असेना.
ठराव : २६ जानेवारीपर्यंत हात ठणठणीत. गोळ्या बंद. स्कूटरची किल्ली परत मिळवणे. (गेटचा खांब चुकीच्या जागी आहे, हे सोसायटीला लेखी कळवलेलं आहे. तरी किल्ली हंसाकडेच.)

११ नोव्हेंबर
पहिला दिवस. केनी सर पस्तिशीतले, गावठाणातले. उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. पहिला तास नुसतं उभं कसं राहायचं ते शिकवलं. मी म्हटलं, लहानपणापासून उभा राहतोय, पुढचं शिकवा. ते म्हणाले, ‘काका, पाय लांब ठेवा, नायतर पडाल.’
पडलो. मॅट गुळगुळीत आहे. बाकी कोणी पडलं नाही, पण ते रोजचे आहेत.

१३ नोव्हेंबर
बॅचमधल्या लोकांची दया येते. फ्लॉसी बाई आहेत, रिटायर्ड शिक्षिका, सत्तरी ओलांडलेली. पार्किन्सन्स खूप वर्षांपासून. मान सारखी हलते. निधी म्हणून एक मुलगी आहे, तिला अजिबात दिसत नाही. ऑफिसात सुपरिंटेंडेंट म्हणून मी माणसं सांभाळली आहेत. ह्या लोकांना माझ्या अनुभवाचा फायदा दिला पाहिजे. केनी सरांशी बोलणार.

१८ नोव्हेंबर
निधीसाठी ठोसे झेलायचं पॅड धरायची जबाबदारी मागून घेतली. पॅडवर टिचकी मारायची, त्या आवाजावर ती ठोसा मारते, अशी पद्धत. मी पॅड धरून तिला दोन शब्द मार्गदर्शन करत होतो. टिचकी मारायची राहिली. तिने जो आवाज येत होता त्यावर मारला.
नाकाला बर्फ. मुलगी बिचारी पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होती. मी मोठ्या मनाने माफ केलं. शब्द नीट फुटत नव्हते, ते नाकामुळे.

२५ नोव्हेंबर
बढती. आजपासून सगळ्या बॅचसाठी आकडे मोजायचं काम माझ्याकडे. सगळे ठोसे मारतात, मी मारता मारता मोजतो. केनी सर सारखे म्हणतात, ‘काका, मोठ्याने. मागे ऐकू येत नाय.’ गाळ्यात आवाज घुमत नाही, त्याला मी काय करणार.
जाताना फ्लॉसी बाई म्हणाल्या, मोठ्याने मोजणं हासुद्धा व्यायामच आहे, आपला आवाज बसत जातो ना. ‘आपला’ म्हणाल्या. मी लक्ष दिलं नाही.

९ डिसेंबर
प्रगती उत्तम. आज चहाचा कप बशीवर न वाजवता उचलला. हंसा बघत राहिली. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा ठोसा, सरळ जातो. पावलं हलकी पडतात. हे सगळं बॉक्सिंगने. गोळीने काय होणार, एवढीशी तर असते.

१७ डिसेंबर, दुपार
निर्णय घेतला. गोळ्या बंद.
हंसाला सांगितलेलं नाही. ती उगाच घाबरते. तीन वेळा समोर पाणी घेऊन उभी राहते आणि गिळेपर्यंत हलत नाही. गोळी गालात ठेवायची, पाणी प्यायचं, मग बेसिन. जमलं. एवढी सफाईदार हालचाल आजारी माणसाला जमेल का?

२३ डिसेंबर
पाय जड. फ्लॉसी बाईंनी क्लासला केक आणला होता, दोन तुकडे खाल्ले. त्याचाच परिणाम.

३० डिसेंबर
कुशीवर वळता येत नाही. गादी बदलायला हवी.

२ जानेवारी
गादी बदलली. नवी गादी जास्तच मऊ निघाली. सकाळी हंसाने ओढून बसवलं. ओढताना तिची कंबर आखडली. तिने व्यायाम करायला हवा, असं सुचवलं.

८ जानेवारी
केनी सरांनी जाहीर केलं, २६ तारखेला चंदनसारच्या हॉलमध्ये आपल्या बॅचचं प्रात्यक्षिक. प्रत्येकाने रिंगमध्ये जाऊन दोन मिनिटं पॅडवर ठोसे मारायचे. मी माझं नाव शेवटी घालायला सांगितलं. मुख्य आकर्षण शेवटी असतं. हंसाच्या माहेरहून, चांदीपहून, दोघे मेहुणे आणि त्यांच्या घरचे येणार. मला क्लासला पाठवलं ह्यावर हे लोक हसले होते.

१२ जानेवारी
फ्लॉसी बाईंनी बाजूला घेतलं. विचारलं, गोळ्या घेता ना? मी म्हटलं, माझी केस वेगळी आहे. त्या म्हणाल्या, पहिल्या वर्षी माझीही केस वेगळी होती. बरं वाटतंय म्हणून स्वतःच गोळ्या सोडल्या. एक दिवस स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होते, तिथेच पाय थिजले. गॅसवर दूध उतू जात होतं, हात पोचत नव्हता. मुलगा कामावरून येईपर्यंत तशीच उभी.
ऐकून घेतलं. वयामुळे लोक आठवणीत रमतात.

२१ जानेवारी
केनी सर म्हणाले, काका, ह्या वेळी नुसतं बघायला या. मी म्हटलं, अशक्य. त्यांनी हंसाशी बोलू का विचारलं. मी म्हटलं, तिला त्रास देऊ नका.
शर्टाचं बटण लागायला वेळ लागला. काजं लहान शिवली आहेत.

२६ जानेवारी, संध्याकाळ
लिहितो. हात चालत नाही, पण लिहितो.
हॉल भरला होता. मेहुणे दुसऱ्या रांगेत. निधी आधी गेली, एकही ठोसा चुकला नाही. फ्लॉसी बाई गेल्या. रिंगमध्ये त्यांची मान हलायची थांबली असं वाटलं. मग माझं नाव. टाळ्या. मी उठलो. दोन पावलं टाकली.
मग काही नाही.
पाय जमिनीला चिकटले. मी त्यांना सांगत होतो, चला. ते माझे नव्हतेच. टाळ्या थांबल्या. कोणीतरी पुन्हा वाजवल्या, त्या पण थांबल्या. हातातले ग्लोव्हज एवढे थरथरत होते की एकमेकांवर वाजत होते. थोरल्या मेहुण्याने मान खाली घातली. हसला असता तर बरं झालं असतं.
केनी सर रिंगमधून उतरू लागले, पण त्यांच्याआधी फ्लॉसी बाई आल्या. माझ्यासमोर आडवं पाऊल ठेवलं आणि म्हणाल्या, ‘खाली बघा. माझ्या पावलावरून पाय टाका. दुसरं काही करायचं नाही.’
टाकला. पाय उचलला गेला. त्यांनी पुन्हा पाऊल आडवं ठेवलं, पुन्हा टाकला. असे आम्ही रिंगकडे गेलो नाही. खुर्चीकडे परत आलो.

२७ जानेवारी
सकाळी हंसा पाणी घेऊन उभी राहिली. मी गोळी गिळली. तिने तोंड उघडायला सांगितलं. लहान मुलाला सांगतात तसं. उघडलं.
मग तिने विचारलं, कधीपासून? मी सांगितलं.
ती खाटेवर बसली. तिच्या बोलण्यात एरवी माहेरची भाषा कमीच येते. आज आली.
‘मी रोज पानी घेवून उभी राहायची. तुमचे समोर. रोज.’


३१ जानेवारी
डॉक्टर ओरडला नाही. ओरडायला हवं होतं. गोळ्या अशा एकदम कधीच सोडायच्या नाहीत म्हणाला, आणि पुन्हा हळूहळू सुरू करून दिल्या. मी विचारलं, बरा कधी होणार. तो माझ्याकडे बघत म्हणाला, हा जात नाही. गोळी आणि व्यायाम दोन्ही नीट ठेवले तर बरीच वर्षं चांगली जातील. किती, ते विचारणार होतो. हंसाने माझा हात धरला होता, तो तिने आणखी घट्ट धरला. म्हणून नाही विचारलं.

१० फेब्रुवारी
क्लासला गेलो. फ्लॉसी बाईंच्या शेजारी उभा राहिलो. कोणी काही विचारलं नाही. निधीने आवाजावरून ओळखलं आणि म्हणाली, काका आले.
घरीही सराव पाहिजे, म्हणून केनी सरांनी आज घरच्यांना पॅड धरायला बोलावलं होतं. हंसाने पदर खोचला, पॅड चढवले, माझ्यासमोर उभी राहिली. मी पाय लांब ठेवले. श्वास घेतला. मनातला सगळा राग, डॉक्टर, मेहुणे, चंदनसारचा हॉल, सगळं उजव्या खांद्यात आणलं आणि पूर्ण ताकदीने ठोसा मारला.
हंसा वाट बघत होती.
‘अहो, मारा ना,’ ती म्हणाली.
मी म्हटलं, मारला.
ती एक पाऊल पुढे आली आणि पॅड माझ्या हाताजवळ आणून धरलं.