कास्मालीची पखाल रिकामी करण्याचा बेत

३ जुलै, सकाळी
ठरलं. कास्मालीची जिरवायची. गेली बारा वर्षं बोरोनबाय आजोबांच्या वाढदिवसाला कुमिस माझंच जातं. घोडीचं दूध आंबवावं तर मी, हे अख्ख्या कुरणाला माहीत आहे. काल हा कास्माली, ओढ्यापलीकडे तंबू टाकून वर्ष झालं नाही, सगळ्यांदेखत म्हणाला की इमानकुलभाऊंचं, म्हणजे माझं, कुमिस शहरातल्या पाहुण्यांना बरं, त्यांना चढत नाही. लोक हसले. आजोबासुद्धा. म्हणाले, यंदा ऐंशीचं मोठं जेवण आहे, त्याआधी वीस तारखेला दोघांचं चाखू आणि जेवणाला कुणाचं ते ठरवू.

३ जुलै, दुपारी
प्लॅन तयार. दारी आलेल्याला नको म्हणायची आपल्यात सोय नाही. रोज त्याच्याकडे जायचं आणि पीत बसायचं. वीस तारखेला त्याची कुमिसची पखाल कोरडी. मग आजोबांना काय चहा पाजणार? बुरुलला सांगितलेलं नाही. बायको असली तरी बोलून जाते.

४ जुलै
सहा वाडगे. पातळ आहे, पखालीला धुरी दिल्याची चवही नाही. केवळ प्लॅनसाठी प्यायलो. तंबूत शिरल्यावर रिवाजाप्रमाणे रवी हातात घ्यावी लागली. लोक पाच-दहा वेळा घुसळून सोडून देतात. मी पखालीत कास्मालीचं तोंड आहे असं समजलो आणि दोनशे दणके हाणले. फार बरं वाटलं.

७ जुलै
नऊ वाडगे, पाचशे दणके. कास्माली म्हणत होता, बसा हो, दमलात. भोळा आहे. मी प्यायलो की त्याची बायको लगेच ताजं दूध ओतते. ओतू दे, घोड्या आटतील.
बुरुल विचारते, घरची पखाल कोण घुसळणार? ती दिवसातून सहा वेळा घोड्या दोहते आणि म्हणे तिला दोनच हात आहेत. तिला समजावलं की जातिवंत कुमिसला घुसळावं लागत नाही. तिने रवी माझ्या पुढ्यात आणून ठेवली. पटलं असावं.

१० जुलै
पोट बिघडलं. सकाळी काळा चहा. दुपारी बुरुलने जवाची आंबील दिली, तीही राहिली नाही. संध्याकाळी कास्माली तब्येत विचारायला आला, हातात कुमिसची बाटली. घाबरलाय. बाटली परत करणार होतो, पण त्याचा साठा कमी होणं महत्त्वाचं. सगळी संपवली. पोट थांबलं. औषधाशिवाय बरा होणारा माणूस आहे मी.

१४ जुलै
अकरा वाडगे, हजार दणके. तळहाताला फोड. त्याचं कुमिस हल्ली तेवढं वाईट लागत नाही. माझी जीभ बिघडली असावी.

१८ जुलै
पखाल अजून काठोकाठ. त्याच्या घोड्यांत काहीतरी लबाडी आहे.
घरचं चाखलं. वर पाणी, खाली गुठळ्या. बुरुलला म्हटलं, जरा हलव. ती चरवी उचलून घोड्यांकडे निघून गेली. मीच चाळीस वेळा घुसळलं, मग खांदा चालेना. पुरे तेवढं. नाव आहे आपलं.

२० जुलै, संध्याकाळी
आजोबांनी माझं कुमिस तोंडात घेतलं, उठले, बाहेर जाऊन थुंकले. मग कास्मालीचं घेतलं. डोळे मिटून राहिले. म्हणाले, माझ्या आईच्या हातचं असं असायचं.
मी निघणार एवढ्यात कास्माली उभा राहिला. म्हणाला, यात माझं काही नाही, हे इमानकुलभाऊंचं. मी नवखा, बोलून चुकलो होतो, तरी ते राग न धरता रोज येऊन घुसळून गेले, हाताला फोड येईपर्यंत. त्याने माझा हात धरून सगळ्यांना दाखवला. आजोबांचे डोळे भरून आले. बुरुल म्हणाली, बारा वर्षांत घरच्या पखालीला एवढं प्रेम मिळालं नाही.
आजोबांनी सांगून टाकलं, जेवणाच्या दिवसापर्यंत कास्मालीची पखाल मीच घुसळायची.
नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. कास्मालीने वाडगा पुढे केला. प्यायलो. चांगलं होतं. आणखी एक मागून घेतला.