निळ्या दारातला तुमास

नदूर, गोझो
४ एप्रिल

चि. रोमिना हिस लोरेता आत्याचे अ. आ. वि. वि.

ईस्टरची फिगोल्ली, या वेळी माशाच्या आकाराची, तुझ्या बाबांच्या हाती पाठवली होती. पोचली की नाही, ते तू कळवलं नाहीस. नाझरेनु माझा सख्खा भाऊ असला तरी बदामाच्या बाबतीत त्याचा भरवसा नाही, तेव्हा मिळाली नसेल तर त्याच्या खिशात चुरा शोध.

मोबाइलवर निरोप पाठवत जा, असं तू म्हणालीस. माझ्या मते निरोप पाठवायचा तो आपल्या दोन बेटांमधली बोट रद्द झाली तर. खुशालीला कागद लागतो. फोनचं तर नावच काढू नकोस. मला ऐकू येत नाही म्हणून समोरचा ओरडतो, आणि मग शेजारची दोरिस सगळं ऐकून मला सांगायला येते.

आता एक बातमी. बाबांना कळू देऊ नकोस. ग्रेत्स्यु काका गेल्यापासून संध्याकाळ मला खायला उठते, म्हणून मी टॅबलेटवर कॅसिनो खेळायला लागले आहे. आधी त्या बड्या कंपनीत खेळत होते, जिचं नाव फुटबॉलवाल्यांच्या छातीवर असतं. जिंकलेले चाळीस युरो हातात पडेपर्यंत त्यांनी पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल तीनदा मागितलं. मदतीच्या खिडकीत काही विचारलं की यंत्र उत्तर द्यायचं, तेही मी न विचारलेल्या प्रश्नाचं.

शेवटी त्यांना रामराम केला. आता मी फक्त छोट्या, स्वतंत्र घरांत खेळते. तीन निवडली आहेत: निळं दार, लिंबोणी आणि पितळी घंटा. निळ्या दाराचे मालक नवराबायको आहेत, कुत्र्याला मध्ये घेऊन बसलेला त्यांचा फोटो आहे. जिंकलेले पैसे दुसऱ्या दिवशी देतात. आणि त्यांच्या खिडकीत तुमास म्हणून एक मुलगा असतो, तो माणसासारखं लिहितो. लिहून बोलणाऱ्याला मी बहिरी आहे हे कळतच नाही, त्यामुळे मलाही त्याचा विसर पडतो.

तुझं बरं चाललं असेलच. लोभ आहे, तो चार ओळींनी वाढव.

तुझी,
लोरेता आत्या

*

ग्झिरा
१५ एप्रिल

ती. लोरेता आत्यास,
सा. न. वि. वि.

फिगोल्ली मिळाली. माशाचं शेपूट बाबांनी वाटेत खाल्लं होतं, बाकी मासा शाबूत होता. छान झाली होती.

तुझ्या बातमीबद्दल. कामामुळे मला त्या धंद्याची थोडीफार माहिती आहे. मोठ्या कंपनीचा तुला आलेला अनुभव खोटा नाही, पण घर छोटं आहे म्हणून ते चांगलंच, असं धरून चालू नकोस. परवाना कुणाच्या नावावर आहे ते पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं, ते बघ. महिन्याला किती घालवायचे याची मर्यादा बांधता येते, ती बांध. फोटोतल्या कुत्र्यावर जाऊ नकोस.

कानाच्या यंत्राचं काय झालं? काकांची होडी विकली ते पैसे त्यासाठी वेगळे ठेवलेत, असं बाबा म्हणाले होते.

कामाची घाई आहे म्हणून आटोपतं घेते. लोभ होता तसा राहू दे.

तुझी,
रोमिना

*

नदूर
२ मे

चि. रोमिना हिस अ. आ.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, औषधाच्या बाटलीवरची सूचना. तरी दोनदा वाचली.

पानाच्या तळाशी बघ म्हणतेस. भिंग घेऊन बघितलं. तिन्ही घरांच्या तळाशी काहीतरी सारखंच लिहिलंय, पण तसं तर सगळ्या चर्चच्या दारावरही सारखंच लिहिलेलं असतं. मी माणसं बघते. माहेरी, आपल्या ओर्मीत, दोन बँड होते, दोघांचे दोन क्लब, आठवतं का? मोठ्या क्लबात संगमरवरी जिना होता. माझे बाबा छोट्या क्लबात तुतारी वाजवायचे. उत्सवाच्या दिवसांत मोठ्या क्लबासमोरून जायचं झालं तर आम्ही मुलं रस्ता ओलांडून पलीकडे जायचो. छोट्या क्लबात कुणाच्या घरी दुखणं आहे ते सगळ्यांना ठाऊक असायचं. मोठ्यात आजारी पडलं तरी वर्गणी आधी मागायचे. तेव्हापासून मोठ्या दाराशी माझं जमत नाही ते नाहीच.

आता तुमासचं ऐक. गुड फ्रायडेला मी खिडकीत लिहिलं की आज घर फार गप्प आहे, थोडं खेळते. त्याने काय लिहावं? तुमच्या गावात आज मिरवणूक असेल, आधी ती बघून या, फेऱ्या उद्याही फिरतील. पण ओट्यावर खुर्ची टाकून बसा, दुखऱ्या गुडघ्यावर उभ्या राहू नका. मी खुर्ची टाकून बसले. गुडघ्याचं मी कुणालाच सांगितलेलं नाही, दोरिसलाही नाही. त्याने मागे एकदा विचारलं म्हणून त्याला सांगितलं. त्याला माझं नावही ठाऊक नाही. तिथे मी लंपुका या नावाने खेळते, काका तोच मासा धरायचे म्हणून. लिंबोणीतली रीता मात्र जरा तुटक आहे. दुपारची तर फारच.

राहिलं कानाचं यंत्र. बघू. होडीच्या पैशांतले काही इकडे गेले, खोटं कशाला सांगू. निम्म्याहून जास्त अजून आहेत. पण यंत्र लावून ऐकायचं कुणाचं? दोरिसचं? तुमास लिहितो, तू लिहितेस (दोन महिन्यांतून एकदा), माझं काही अडत नाही.

लोभ धरच, आणि पत्र जरा लांब लिही.

तुझी,
लोरेता आत्या

*

ग्झिरा
११ मे

प्रिय एतियेन,
स. आ.

मठात फोन नाही याचा मला पहिल्यांदाच आनंद झाला आहे, कारण हे मला तोंडाने सांगता आलं नसतं. मी विमा कंपनीत आहे असं बाबांसकट घरी सगळ्यांना वाटतं; तसं नाही, हे फक्त तुला माहीत आहे. नक्की काय करते ते तुलाही सांगितलेलं नाही.

चौथ्या मजल्यावर, एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वर, आमची एक लांबट खोली आहे. तिथे आम्ही सहा जण बसतो आणि अकरा कॅसिनोंच्या खिडक्यांत उत्तरं लिहितो. अकराही स्वतःला छोटे आणि स्वतंत्र म्हणवतात. मालक एकच. लोक बड्या नावांना कंटाळलेत हे त्याने ओळखलं, आणि त्यांना हवी तशी छोटी दारं रंगवून दिली. निळ्या दारातली नवराबायको आणि कुत्रा विकत घेतलेल्या फोटोतले आहेत. दारं बदलतात तसं आमचं नावही बदलतं.

लोरेता आत्या त्यातल्या तीन घरांत खेळते. तिथल्या तुमासने गुड फ्रायडेला तिला मिरवणुकीला पाठवलं, असं तिने कौतुकाने लिहिलंय. एतियेन, ते मी लिहिलं होतं. गुड फ्रायडेला मीच कामावर होते. पडद्यावर फक्त टोपणनाव दिसतं. लंपुका म्हणून कुणी म्हातारी विधवा आहे, एवढंच मला माहीत होतं. तिला न आवडणारी रीताही मीच, जेवणानंतरची.

काल वरून सूचना आली. लंपुकाचा वाढदिवस जवळ आलाय, ती हल्ली कमी खेळते, तेव्हा तुमासच्या नावाने खेळाच्या शंभर फुकट फेऱ्या भेट द्यायच्या. या भेटीने काय होतं ते मी रोज बघते. शंभर फुकटच्या संपल्या की माणूस थांबत नाही. तिच्या कानाचं यंत्र त्या पैशांत अडकलंय. भेट मी पाठवली नाही तर शेजारच्या टेबलावरचा तुमास पाठवेल. खरं सांगितलं तर तिच्याशी बोलणारा एकुलता एक माणूस मी तिच्याकडून काढून घेते.

काय करू ते लिही. प्रार्थना करतो एवढंच लिहिलंस तर पुढच्या वेळी चीज पाठवणार नाही.

तुझी,
ताई

*

उंब्रिया
१९ मे

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

प्रार्थना करतो. चीज पाठव.

तू मला कबुली दिलीस, पण मी अजून नवशिका आहे. पापं माफ करायचा अधिकार मला नाही, बटाटे सोलायचा आहे. त्यामुळे ही कबुली चुकीच्या पत्त्यावर आली, असं समज. आत्याला लिही, कागदावर, स्वतःच्या नावाने. तुमासकडून कळवायचा मोह होईल, कारण त्याचं ती ऐकते. तेवढं करू नकोस.

ती चिडेल. ओर्मीची आहे, बराच काळ चिडेल. तरी लोभ तोडणार नाही. माझ्यावरही तुझा राहू दे.

तुझा,
एतियेन

*

ग्झिरा
२४ मे

ती. लोरेता आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच.

मी विम्यात नाही. मी निळ्या दारात आहे. तुमास मी आहे. माझी पाळी नसेल तेव्हा आणखी कुणी तुमास असतं. रीता मी आहे आणि पितळी घंटेतला कॉर्नेलही बरेचदा मीच. तिन्ही घरं एका मालकाची आहेत, म्हणून पानाच्या तळाशी सारखं लिहिलेलं आहे. तू छोटा क्लब शोधत होतीस. हा मोठाच आहे, फक्त त्याला बरीच छोटी दारं आहेत. लंपुका तू आहेस, हे मला तुझं मेचं पत्र येईपर्यंत माहीत नव्हतं, एवढ्यावर तरी विश्वास ठेव.

आणखी एक सांगते, कारण अर्धवट सांगण्यात अर्थ नाही. तुमासच्या चौकशीला माया समजू नकोस. आम्हाला शिकवलेलंच असतं की समोरच्याला घरातलं काहीतरी विचारायचं, लक्षात ठेवायचं, पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं. अशी माणसं सोडून जात नाहीत. गुडघा त्यातलाच.

वाढदिवसाला तुमासच्या नावाने फुकट फेऱ्या आल्या तर त्यांना हात लावू नकोस. तिन्ही घरांच्या खिडक्यांत लिही की माझं खातं कायमचं बंद करा. तसं लिहिलं की कुणालाही ते बंद करावंच लागतं. मी आतून आपणहून करू शकत नाही. सकाळी लिहिलंस तर मी असेन, लगेच करीन. उरलेले पैसे कानाला लाव.

मला लाज वाटते. यापुढे लोभ ठेव, असं म्हणायचा हक्क मला नाही, म्हणून तो तुझ्यावर सोडते.

तुझी,
रोमिना

*

नदूर
१४ जून

चि. रोमिना हिस,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, पण या वेळी हात जड झालाय, तेव्हा थोडक्यात घे.

तुझं पत्र आल्यावर मी काही दिवस कुणाशी बोलले नाही. दोरिसला वाटलं मी आता पूर्ण बहिरी झाले. तुझ्या बाबांना सांगावं असं दोनदा मनात आलं. सांगितलं नाही. ते तू सांगायचं आहेस, आणि लवकर.

वाढदिवसाला तुमासकडून शंभर फेऱ्या आल्या. सोबत फुलांचं चित्र होतं. तू पाठवल्या नसशील, असं मी धरून चालते. टॅबलेट मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते, बोट अगदी जवळ गेलं होतं. मग उठून काकांची जुनी जाळी उन्हात टाकली. आता ती वापरणार कोण, पण टाकली.

दुसऱ्या दिवशी लिंबोणी आणि घंटा बंद करून टाकली. निळं दार शेवटी ठेवलं. सकाळी लिही, असं तू सांगितलं होतंस. मी मुद्दाम रात्री लिहिलं, तुझी पाळी संपल्यावर. तुमासच आला. आपल्याला गमावण्याचं वाईट वाटतं म्हणाला, आणखी फेऱ्या देऊ केल्या, मी दुसऱ्यांदा लिहिल्यावर खातं बंद केलं. फार सभ्य मुलगा. पण गुडघ्याचं काही विचारलं नाही त्याने. मी थोडी थांबलेसुद्धा, विचारेल म्हणून.

सगळ्यांना विचारायला शिकवलेलं असतं म्हणालीस ना. मग त्याला कसं आठवलं नाही?

मी चिडले आहे ती तू तुमास झालीस म्हणून नाही. तुझी सगळी पत्रं मी काढून बघितली, एतियेन मठात गेला त्या वर्षापासूनची. त्यात हवा आहे, घाई आहे, बाबांच्या तक्रारी आहेत. ओट्यावर खुर्ची टाकून बस, असं एकातही नाही. जे तुला पगारावर, परक्या नावाने, परक्या बाईला लिहिता येतं, ते रोमिना म्हणून आत्याला का लिहिता येऊ नये, याचं उत्तर मला पत्राने नको. कानाचं यंत्र बसवायला गुरुवारी इथल्या रबातला जायचं ठरलंय. दुकानातला माणूस म्हणाला, पहिल्या दिवशी ओळखीचा आवाज सोबत असेल तर बरं पडतं. पहिल्या बोटीने ये.

लोभ आहे. तो आता खऱ्या नावावर जमा कर.

तुझी,
लोरेता आत्या

ता. क. गुडघा अजून दुखतो. तुझ्या मागच्या पत्रात त्याचं नाव होतं, पण तो कसा आहे हे विचारायचं राहिलं.